महाळुंग्याची कमान

दादा, तुझी सहा धनुष्यं परवा टेम्पोतून माझ्या घरी आली. तुझ्या टूलरूममधले दोघं जण घेऊन आले. बरोबर तो तुझा लाकडी खोका, आतल्या बल्बसकट. "ताई, हे कुठं ठेवायचं?" असं त्यांनी साधं विचारलं, तर मी त्यांच्यावरच खेकसले. बिचाऱ्यांचा काय दोष! दापोडीच्या या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको, दोन मुली, माझं शिवणयंत्र, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे, आणि आता पाच-पाच फुटांची सहा धनुष्यं. शेवटी कपाटावर चढवली. रुळांवरून गाडी गेली की ती वर खडखडतात आणि धाकटी म्हणते, "मामा आला." माणूस गेल्यावर मागे चष्मा राहतो, चपला राहतात, फार तर एखादी छत्री. तू काय ठेवून गेलास ते बघ.

तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, किती शांत स्वभाव, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी मान डोलावत होते आणि आतल्या आत धुमसत होते. शांत कसला! सकाळी अकराला छातीत दुखायला लागलं होतं, हे तू शेजारच्या मशिनवाल्याला सांगितलंस आणि वर त्याला बजावलंस की कुणाला बोलू नकोस, जॉब अर्ध्यात आहे. जॉब पूर्ण केलास. शिफ्ट पूर्ण केलीस. सायकल चालवत खोलीवर गेलास, कॉटवर बसलास आणि गेलास. याला शांत स्वभाव म्हणत नाहीत. याला हट्ट म्हणतात, आणि तो तुझा लहानपणापासूनचा आहे.

आई-वडील गेल्यावर तू साताऱ्याकडचं घर बंद करून चिंचवडला आलास, तेव्हा इथे कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. दोन वर्षांनी मला बोलावून घेतलंस. मी डी.एड. झाले, इथल्याच शाळेत लागले. एका खोलीत आपण दोघं, एक स्टोव्ह, एक रेडिओ. तोपर्यंत सगळं माणसांसारखं चाललं होतं. मग तो परदेशी इंजिनिअर मशिनं बसवायला आला. त्याच्या कॅमेऱ्याचा कसलासा स्क्रू तू बनवून दिलास, आणि परत जाताना त्यानं तुला त्याचं धनुष्य देऊन टाकलं. सागवानी रंगाचं, गुळगुळीत, दोन्ही टोकं पुढच्या बाजूला मुडपलेली. तू ते घरी आणलंस तेव्हा मी पोळ्या करत होते. "सुमे, हात पूस आणि हे धर," म्हणालास. मी हात पुसले. तिथंच चुकलं.

"याला रिकर्व्ह म्हणतात." हे वाक्य मी पुढच्या वीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! दूधवाल्याला सांगितलंस, पोस्टमनला सांगितलंस, माझ्या मुख्याध्यापिका एकदा घरी आल्या तर त्यांनाही सांगितलंस. टोकं उलटी वळलेली असली की कमी लांबीत जास्त जोर कसा येतो, आपल्याकडे घोडेस्वार असलीच धनुष्यं कशी वापरायचे, आणि लोक उगाच सरळ काठीला दोरी बांधून धनुष्य कसं म्हणतात. समोरच्याचा चहा गार व्हायचा. मग तू जुन्या बाजारात जाऊन एक लोखंडी कमान आणलीस, गंज खाल्लेली. मग एका निवृत्त सुभेदाराकडून आणखी एक लाकडी. पावसाळ्यात ती दमट होऊन मऊ पडू नयेत म्हणून तो खोका बनवलास आणि त्यात दिवसभर बल्ब लावून ठेवायला लागलास. श्रावणात माझ्या साड्या चार-चार दिवस वाळत नव्हत्या. कमानी मात्र उबेत होत्या. एकदा मी चिडून माझी परकराची जोडी त्या खोक्यात वाळत घातली तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

आणि तुझं लग्न! तीन स्थळं आली. तिसरं खरोखर चांगलं होतं. मुलीच्या मामांनी भिंतीवरच्या धनुष्याकडे बघून सहज विचारलं, "शिकार करता का?" बस्स. तू उठलास, धनुष्य काढलंस, पायात अडकवून दोरी चढवून दाखवायला गेलास, आणि वरचं टोक सुटून पोह्यांच्या ताटलीवर आपटलं. मामांच्या धोतरावर पोहे. मुलगी हसली होती, दादा. मी बघितलं होतं, ती मनापासून हसली होती. पण तू तिच्याकडे न बघता टोकाला चीर गेली का ते बघत बसलास.

नेमबाजीला जायचं म्हटलं तरी साधं काही नव्हतंच. कंपनीची सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. तुझी सेकंड शिफ्ट असली की रविवारी सकाळी पवना ओलांडून थेरगावच्या शिवारात जायचो. गोणपाटात भुसा भरून तू एका बांधाला उभा केला होतास. पन्नास पावलांवरून मी दहातले सात मारायला लागले आणि तू पाच. कुठल्याही भावाला थोडं तरी वाईट वाटलं असतं. तू कंपनीत सांगत सुटलास, "आमची सुमी माझ्यापेक्षा भारी मारते राव." मग शाळेत पोरं माझ्यामागे दोरी ओढल्यासारखे हात करून दाखवायची. तेव्हा मला तुझा इतका राग आला होता. आज सांगते, मला त्या सकाळी फार आवडायच्या. कोपर वर, कोपर वर असं तू मागून ओरडायचास आणि मी मुद्दाम जरा खालीच ठेवायचे.

आता महाळुंग्याचं. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय मला झोपसुद्धा लागणार नाही.

तुझ्या खात्यातला एक जण महाळुंग्याचा. त्यानं डबा खाताना सांगितलं की त्याच्या चुलत्यांच्या देवघरात एक जुनी कमान आहे, शिंगाची, दसऱ्याला पुजतात. झालं. तू सायकलवरून इंद्रायणी ओलांडून तिथं जायला लागलास. तीन महिने त्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, दारात जाऊन बसायचास. आत लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या शिरा आणि सगळं सरसानं जोडलेलं, अशी कमान बनवणारा आता आसपास कुणी उरला नाही, हे तू घरी येऊन मला सांगायचास. एका टोकाची गुंडाळी सुटत आली होती. ती दसऱ्याच्या आत नीट करून देतो, असं सांगून तू अखेर ती पंधरा दिवसांकरता मिळवलीस. त्या दिवशी मीही बरोबर होते. तात्यांनी ती लाल फडक्यात गुंडाळून तुझ्या हातात दिली.

"येक अट हाय," ते म्हणाले. "देवाची चीज हाय ती. बायामानसाचा हात लागता कामा न्हाई."

"नाही लागणार," तू म्हणालास.

आणि घरी पोचल्यावर कुलूप उघडायच्या आधी ती माझ्या हातात दिलीस! "धर जरा, किल्ली काढतो. वजन बघ, किती हलकी आहे." मी म्हटलं, अरे, तू आत्ता शब्द देऊन आलास ना? तर म्हणतोस, "ते त्यांच्या घरी. हिचा पहिला बाण तुझ्याच हातानं सुटणार आहे, माझ्यापेक्षा तुझा नेम चांगला." असा तू. एकीकडे शब्द द्यायचा आणि दुसरीकडे आपल्याला पटेल तेवढाच पाळायचा.

तू गुंडाळी नीट केलीस, सरस वाळायला ती बल्बच्या खोक्यात ठेवलीस. आठ दिवस शेकू दे, पुढच्या रविवारी चढवू, तोवर हात लावू नकोस, असं सांगून सेकंड शिफ्टला गेलास. शुक्रवार होता. शाळेतून आल्यावर मी खोका उघडला. मला फक्त बघायची होती. ती वाकलेलीच होती, गोल, दोन्ही टोकं जवळजवळ आलेली. मला वाटलं, हिला चढवायला काय कष्ट आहेत, ही तर आधीच अर्धी चढलेली आहे. दोरी घेतली, दोन्ही टोकांना अडकवली. इतकी सहज बसली की मला हसू आलं. तू उगाच बाऊ करतोस असं वाटलं. मग मी उभी राहिले, कोपर वर केलं आणि ओढली.

ती कमान उलटी वाकवून चढवायची असते. जिकडे वाकलेली दिसते त्याच्या पार विरुद्ध बाजूला. जगातली कुठलीही शहाणी वस्तू अशी नसते, पण ती असते. शिंग लाकडापासून सुटलं त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मधोमध दोन तुकडे, पाठीच्या शिरांवर लोंबणारे.

"तू मला कधी सांगितलंच नाहीस," असं मी म्हणत आले. "पन्नास वेळा सांगितलंय," असं तू म्हणत आलास. हा वाद आपला मिटला नाही आणि आता मिटणारही नाही. सांगितलं असशील. खरं सांगू? तू कमानींबद्दल इतकं बोलायचास की मी ऐकणं सोडून दिलं होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी हं हं करायचे. त्यातच कधी तरी तू ते सांगितलं असणार.

त्या दिवशी तू घरी आलास, तुकडे बघितलेस, आणि ते परत त्या लाल फडक्यात बांधून ठेवलेस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. रविवारी आपण दोघं महाळुंग्याला गेलो. वाटभर मी घोकत होते, मी सांगणार, माझ्या हातून मोडली. दारात पोचलो, तू फडकं उघडलंस आणि माझं तोंड उघडायच्या आत म्हणालास, "माझ्या हातून मोडली, तात्या."

तात्यांनी ते तुकडे हातात घेऊन जुळवून बघितले. मग म्हणाले, "तुमच्याच हातानं? बाईचा हात न्हाई ना लागला?"

"नाही."

"मंग निगा आता," ते म्हणाले. आतून कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

परतताना मी तुझ्याशी भांडले. भर रस्त्यात, सायकल धरून. तू म्हणालास, "खरं सांगितलं असतं, तर उद्या त्यांच्या घरात काही वाईट झालं की तुझ्या नावानं बोटं मोडली असती. माझ्या नावानं मोडू देत. मला काही होत नाही." झालंही तसंच. त्या साली त्यांची म्हैस मेली, सुनेचं मूल राहिलं नाही. तुझ्या खात्यातला तो पुतण्या डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. तू पुन्हा कुठल्या गावात कुणाच्या देवघरातली कमान मागायला गेला नाहीस. शिंगाची कमान एकदा तरी स्वतः ओढायची, एवढीच तुझी हौस होती. ती राहिली ती राहिलीच.

आणि मग ते दसरे. खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन सायकलनं महाळुंग्याला जायचं. बारा वर्षं! तात्या पानं घ्यायचे, हातात ठेवायचे, पण बसा म्हणायचे नाहीत. तू अंगणात उभा राहायचास, जरा वेळानं राम राम करून निघायचास. मला हे तू कधी सांगितलं नाहीस, एकदा मीच मागोमाग गेले होते आणि कोपऱ्यावरून बघितलं. त्यानंतर दर वर्षी मी म्हणायचे, दादा, पुरे झालं, या खेपेला मी येते, मी सांगते. "पुढच्या दसऱ्याला," तू म्हणायचास. "या वर्षी त्यांच्याकडे आजारपण आहे." "या वर्षी पोरीचं लग्न आहे, शुभकार्यात नको." तुझी कारणं कधी संपली नाहीत. माझं लग्न झालं, मुली झाल्या, तरी आपलं भांडण तेच आणि तुझं उत्तर तेच. माणूस सज्जन असावा, दादा, पण इतका की जवळच्याला त्याचा वैताग यावा?

या वर्षी तू दसऱ्याच्या आठ दिवस आधी गेलास. दसरा तुझ्या सुतकातच गेला. दिवाळीनंतर एका रविवारी मी नाशिक फाट्याला एसटीत बसले, चाकणला उतरले आणि तळेगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीनं महाळुंग्याला गेले. तात्या ओसरीवर कॉटवर होते. फार थकलेत. त्यांच्या मंडळी, काकू, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं.

"कमानवाल्याची भैन व्हय?" तात्या म्हणाले. "ह्या दसऱ्याला आला न्हाई त्यो. आमी वाट बघितली."

मी सांगितलं, दादा गेला. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आरं द्येवा," त्या म्हणाल्या. "त्याला कंदी बस म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं. आदी रागानं, मंग सवयीनं."

मग मी बोलले. उभ्यानंच बोलले, बसले असते तर धीर झाला नसता. कमान त्यानं मोडली नाही, मी मोडली. त्यानं हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. तुम्ही बाईचा हात लागला का विचारलंत तेव्हा तो खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला.

मला वाटलं, आता तात्या मला शिव्या घालतील, आणि घालोत. पण आधी काकूच उसळल्या. "बाईचा हात म्हनं! आन दर साली दसऱ्याच्या आदी तिला त्याल कोन लावत हुतं? ह्ये? ह्ये पूजंला बसायचे फकस्त. पुसायची मी, त्याल लावायची मी, माझ्या सासूनं बी त्येच केलं. चाळीस वरसं हात लावला म्या. काय झालं?"

तात्यांनी बायकोकडे असं बघितलं की एरवी मला हसू फुटलं असतं. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. दादा, तू असतास तर काकूंच्या शेजारी बसून तेल कुठलं, शेंगदाण्याचं की करडईचं, हे विचारत बसला असतास. तुला एवढं तरी ऐकायला मिळायला हवं होतं. ज्या अटीचा शब्द तू मोडलास, ती अट त्या घरात कुणी पाळतच नव्हतं.

मग तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यानं न्हाई मोडली?"

"नाही."

"मंग त्यो दर साली का येत हुता?"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"आन तू आज आलीस व्हय," ते म्हणाले.

येताना एसटीत मी सगळी वाट तुझ्याशी भांडत होते. तुझ्यामुळे झालं, तू अडवलंस, तू पुढच्या दसऱ्याला, पुढच्या दसऱ्याला करत राहिलास. भोसरी येईपर्यंत भांडले. मग लक्षात आलं की तुझं म्हणणं मी आयुष्यात कधी ऐकलेलंच नाही. कोपर वर म्हणालास तर खाली ठेवलं. खोक्याला हात लावू नको म्हणालास तर लावला. या पोराशी लग्न नको, जरा थांब, म्हणालास तर महिन्याभरात केलं. मग हे एकच का ऐकलं? चाकणची एसटी काही तू धरून ठेवली नव्हतीस. तू नाही म्हणालास की मी चिडायचे, तावातावानं बोलायचे, आणि आतून सुटल्यासारखं वाटायचं. बारा वर्षं तू त्या अंगणात उभा राहिलास आणि मी घरी बसून तुझ्या हट्टावर चिडत राहिले. तुझं हे एकच मी ऐकलं, दादा, कारण ते माझ्या सोयीचं होतं.